वर्ष वाया जाईल म्हणे!

मराठी मध्यमवर्गाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? भुताची नाही, महागाईची नाही, बॉसची तर अजिबातच नाही. 'वर्ष वाया जाण्याची'! केटी लागल्या, वर्ष वाया. ड्रॉप घेतला, वर्ष वाया. इंजिनिअरिंगची चार वर्षं आपण सगळ्यांनी या एका भीतीवर काढली (आणि तिच्याच जिवावर निदान पासिंगपुरता अभ्यास तरी झाला). तिथवर ठीक होतं. पण हल्ली हेच वाक्य मला अडीच वर्षांच्या मुलांबद्दल ऐकायला मिळतंय. "अरे, डिसेंबरचा जन्म आहे ना? मग यंदाच टाकून द्या नर्सरीत. उगाच वर्ष कशाला वाया घालवता?"

कुणाचं वर्ष? आणि वाया म्हणजे नक्की कुठे गेलं? ज्या जिवाला अजून 'काल' आणि 'उद्या' यांतला फरक कळत नाही, त्याचं वर्ष वाया कसं जातं हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आधीच सांगून टाकतो, हा विषय माझ्यासाठी हवेतला नाही. आमच्या कन्यारत्नाने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पृथ्वीवर अवतार घेतला, त्यामुळे आमच्या घरी सध्या रोज रात्री जेवणानंतर शिखर परिषद भरते. एका बाजूला माझी आई, सासूबाई आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची समस्त पालक मंडळी. दुसऱ्या बाजूला मी आणि (आता आता कुठे) बायको. कन्या स्वतः तटस्थ राष्ट्र आहे, तिला फक्त डब्यात काय मिळणार एवढ्यातच रस आहे. तेव्हा हे लिखाण निःपक्षपाती वगैरे अजिबात नाही. एक बाजू घेऊनच लिहितोय.

तर आधी नियम. आपल्याकडे महाराष्ट्रात शाळा सुरू होते जूनमध्ये आणि वय मोजतात ३१ डिसेंबरला. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ही तारीख ठरवली आणि २०२१-२२ पासून ती लागू झाली. त्या डिसेंबरअखेर तीन वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा पूर्ण होत असतील तर पहिली. म्हणजे डिसेंबरअखेरचं मूल नर्सरीच्या पहिल्या दिवशी जेमतेम अडीच वर्षांचं असतं आणि पहिलीच्या पहिल्या दिवशी साडेपाचचं. त्यात बऱ्याच शाळांचे फॉर्म आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपासच निघतात. तेव्हा हे मूल दोन वर्षांचंही झालेलं नसतं. ज्या वयात ते स्वतःचा बूट काढून बादलीत टाकतं, त्या वयात आपण त्याची दहावीची बॅच ठरवत असतो!

यात गंमत अशी की नियमात शब्द आहे 'किमान'. किमान वय. आपण तो वाचतो 'ठरलेलं वय' असा. मुलीच्या लग्नाचं किमान वय कायद्याने अठरा आहे. म्हणून अठराव्या वाढदिवसाला मांडव घालणाऱ्या बापाला आपण हुशार म्हणतो का? म्हणतो, "अहो, शिकू द्या की तिला जरा." मग अडीच वर्षांच्या पोरीच्या बाबतीत एवढी घाई का?

आता थोडं गणित करू, कारण आपल्या जमातीला आकडे दाखवल्याशिवाय काही पटत नाही. नर्सरीच्या एकाच बाकावर एक मूल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं आणि एक त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं. जूनमध्ये एकाचं वय ४१ महिने, दुसऱ्याचं साधारण ३०. फरक अकरा महिन्यांचा. आपल्या वयात अकरा महिने म्हणजे एका अप्रेझलपासून दुसऱ्या अप्रेझलपर्यंतचा काळ, कधी येतो आणि जातो कळतही नाही. पण तीस महिन्यांच्या मुलासाठी अकरा महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा एक तृतीयांशाहून मोठा तुकडा आहे. तुमच्या टीममध्ये नऊ वर्षांचा अनुभव असलेला माणूस आणि साडेसहा वर्षांचा माणूस एकाच पदावर बसवून त्यांची तुलना केली, तर लहान भिडू बोंब मारेल. तीस महिन्यांच्या मुलाला बोंब मारता येते, फक्त ती कशाबद्दल आहे ते सांगता येत नाही.

म्हणजे 'लवकर घातलं की मूल एक वर्ष पुढे जातं' हे जे आपण मनात धरतो, ते प्रत्यक्षात घडतच नाही. मूल पुढे जात नाही. ते फक्त वर्गातलं सगळ्यात लहान मूल होतं. आणि ते एक वर्ष नाही, पुढे कित्येक वर्षं तसंच राहतं. सगळ्यात शेवटी धावणारं, सगळ्यात आधी रडणारं, स्नेहसंमेलनात झाडाची भूमिका करणारं.

यावर बाहेरच्या देशांत भरपूर अभ्यास झालेत. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्यूई या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये अनेक देशांतल्या मुलांचे गणित-विज्ञानाचे गुण तपासले. चौथीत वर्गातली सगळ्यात लहान मुलं सगळ्यात मोठ्या मुलांपेक्षा ४ ते १२ पर्सेंटाइलने मागे होती. आठवीत गेल्यावरही २ ते ९ पर्सेंटाइलने मागेच. म्हणजे फरक कमी होतो, पण 'महिन्याभरात रुळेल हो' असं जे आपण म्हणतो तसा नाहीसा होत नाही.

त्याहून मला हादरवलं ते २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासाने. तिथल्या ज्या राज्यांत वय मोजायची तारीख १ सप्टेंबर आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यात लहान असतात आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेली सगळ्यात मोठी. ऑगस्टवाल्या मुलांना एडीएचडी असल्याचं निदान सप्टेंबरवाल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त झालेलं आढळलं. आता एडीएचडी काही पंचांग बघून होत नाही. म्हणजे त्यातल्या बऱ्याच पोरांची तक्रार एवढीच होती की ती वर्गातल्या इतरांपेक्षा वर्षभराने लहान होती, आणि लहान मुलं लहान मुलांसारखी वागत होती. त्यांना गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे गोळ्या देत नाहीत, आपल्याकडे डायरीत शेरा येतो : 'वर्गात लक्ष देत नाही.' मग घरी रात्री आठ वाजता त्या लक्ष न देणाऱ्या जिवाची शिकवणी सुरू होते.

आता समोरच्यांचे मुद्दे घेतो. कारण ते मूर्ख नाहीत, आमच्याच घरातले आहेत :)

मुद्दा पहिला : "पुढे नोकरीला एक वर्ष उशीर होईल." बरं. नॉर्वेमध्ये सगळ्या नागरिकांच्या नोंदी सरकारदरबारी व्यवस्थित असतात. त्यावरून शाळा कोणत्या वयात सुरू केली याचा परिणाम मोठेपणापर्यंत तपासणारा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लवकर शाळेत गेलेल्यांना सुरुवातीला पगारात थोडी आघाडी दिसते, कारण ते लवकर नोकरीला लागलेले असतात. तिशीपर्यंत ती आघाडी संपते. हा अभ्यास मी प्रामाणिकपणे इथे देतोय, कारण तो माझ्याही बाजूने पूर्ण झुकत नाही. उशिरा घातलेलं मूल मोठेपणी अंबानी होतं असं त्यातून निघत नाही. निघतं ते एवढंच की शेवटी हिशेब सारखाच बसतो. मग ज्या वर्षाचा तिशीत मागमूसही राहत नाही, ते वाचवण्यासाठी पुढची दहा वर्षं मुलाला वर्गातलं शेंडेफळ कशाला करायचं? तोटा त्याचा, तोही बालपणात, आणि फायदा कुणाचाच नाही.

मुद्दा दुसरा : "पण आमचं खूप हुशार आहे. ए टू झेड येतं, शंभरपर्यंत आकडे येतात." येत असतील. आमच्या कन्येला अर्धी आरती येते आणि तीन जाहिराती पूर्ण येतात. पाठांतर म्हणजे शाळेची तयारी नव्हे. शाळेला लागतं ते वेगळंच. शू लागली हे अनोळखी बाईंना सांगता येणं. स्वतःचा डबा स्वतः उघडता येणं. आपली पाळी येईपर्यंत थांबणं. कुणी ढकललं तर चावण्याऐवजी बोलून दाखवणं. तीन तास आईबाबा दिसत नाहीत म्हणजे ते कायमचे गेले नाहीत, एवढा भरवसा असणं. यातलं काहीही फ्लॅशकार्डवर मिळत नाही. ते फक्त वयाने येतं, आणि वयाला अजून तरी कुणी क्रॅश कोर्स काढलेला नाही.

आणि लिहिण्याबद्दल तर बोलायलाच नको. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चा असतात, म्हणजे कानाच्या पाळीसारखी मऊ. तिसऱ्या वर्षी हाताचा एक्स-रे काढला तर आठपैकी साधारण तीनच हाडं दिसतात. बाकीची अजून तयार व्हायचीत. ज्या हाताची बांधणी निम्मीसुद्धा झालेली नाही, त्या हाताकडून आपण चार रेघी वहीत 'स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन' पानंच्या पानं गिरवून घेतो. साइटवर पिलर उभे राहायच्या आत वरच्या मजल्यावर फर्निचर चढवणाऱ्या बिल्डरला आपण काय म्हणू?

मुद्दा तिसरा : "सगळेच घालतात. आपलं एकटं मागे कशाला?" पण सगळे म्हणजे कोण? फिनलंड आणि एस्टोनियात मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात. आणि आपलं स्वतःचं धोरण काय म्हणतं? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा पहिला टप्पा आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना पुन्हा सांगितलं की पहिलीत प्रवेश सहा वर्षं पूर्ण झाल्यावर द्या. केंद्रीय विद्यालयात ती सहा वर्षं ३१ मार्चला पूर्ण लागतात, गुजरातेत १ जूनला. म्हणजे आपल्या बदलीच्या नोकरीत उद्या अहमदाबादला जायची वेळ आली, तर साडेपाचला पहिलीत बसवलेलं मूल तिथे वयात बसत नाही. घाई करून 'वाचवलेलं' वर्ष तिथल्या शाळेच्या ऑफिसात अडचण होऊन समोर येतं.

गुजरातचं निघालंच आहे तर हेही ऐका. तिथे सहा वर्षांचा नियम आल्यावर काही पालक हायकोर्टात गेले. म्हणणं असं की आमच्या मुलांची पूर्वप्राथमिकची तीन वर्षं झालीत, आता पहिलीत घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने याचिका फेटाळल्या आणि उलट पालकांचेच कान उपटले. तीन वर्षांच्या आत मुलाला पूर्वप्राथमिक शाळेत पाठवायची सक्ती करणं हे पालकांचंच बेकायदा कृत्य आहे, असं कोर्टाने म्हटलं. लक्षात घ्या, दोषी शाळा नाही, सरकार नाही. आपण!

हे दुखणं आजचंही नाही. १९८९ मध्ये आर. के. नारायण राज्यसभेत पहिल्यांदा बोलायला उभे राहिले ते लहान मुलांच्या पाठीवरच्या दप्तराबद्दल. पुढे प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती आणि चाचण्या बंद करा, आणि लेखन-वाचन-आकड्यांचा मारा करून लहानग्यांवर हिंसा करू नका, असं त्यात स्पष्ट आहे. हिंसा हा शब्द त्या समितीचा, माझा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी चाळणी लावायला बंदी आली खरी, पण त्या कायद्यातलं 'बालक' सहा ते चौदा वर्षांचं. आपली नर्सरी त्याच्या बाहेरच राहिली. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तकच नको असं म्हटलंय. नर्सरीच्या मुलाचं दप्तर एकदा उघडून बघा आणि त्यातली पुस्तकं मोजा.

आणि या बाबतीत आपण मराठी माणसांनी तर परदेशाचे दाखले द्यायचीही गरज नव्हती. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं आणि १९४५ साली बोर्डीला येऊन खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून त्यांनी शंख-शिंपले, पानं, बिया, खडे घेतले. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. मूल तयार नसेल तर शाळेने सरकायचं, हा त्यांचा हिशेब. आपला हिशेब उलटा : शाळा जागची हलणार नाही, मुलाला ओढत न्या.

आपल्या आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, आठवतंय? मूल शाळेत आलं की उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला सांगायचे. हात पुरला की मूल शाळेच्या वयाचं झालं, आणि मास्तर जन्मतारीख टाकून द्यायचे, १ जून. पद्धत ओबडधोबड होती, पण तिच्यात एक अक्कल होती. ते मुलाकडे बघत होते. आपण जन्मदाखल्याकडे बघतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि खरा मुद्दा. बाकीचे सगळे पाहुण्यांसमोर बोलायचे असतात, हा कुणी बोलत नाही. दोघंही नोकरी करतो, आजी-आजोबा गावाला, मूल दिवसभर ठेवायचं कुठे?

हा प्रश्न शंभर टक्के खरा आहे आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. पण मग त्याचं नाव घ्या ना! आपल्याला हवंय पाळणाघर. चांगलं, स्वच्छ, प्रेमळ माणसं असलेलं पाळणाघर. पण 'पाळणाघरात ठेवतो' म्हणताना आपला आवाज खाली जातो आणि 'इंटरनॅशनल प्रीस्कूलला जाते' म्हणताना छाती फुगते. म्हणून आपण गरज सांभाळण्याची असताना विकत घेतो शिकवणं. शाळावाले बिचारे काय करणार? त्यांनी शाळा म्हणून पैसे घेतलेत, त्यांना काहीतरी शिकवून दाखवावंच लागतं. मग येते ती स्लीपिंग लाइन. आणि बारा वाजता शाळा सुटली की मूल कुठे जातं? पाळणाघरातच! जी मावशी त्याला भरवते, झोपवते, त्याचं बडबडणं ऐकते, तिला आपण शाळेच्या फीच्या मानाने चिल्लर देतो आणि वर तिच्याशी दोनशे रुपयांवरून घासाघीस करतो.

जरा आपल्या ऑफिसकडेही बघा. २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा दिली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही अट आहे. आपण ज्या टॉवरमध्ये बसतो तिथे पन्नास माणसं तर एका लिफ्टच्या रांगेत असतात. जिममध्ये ट्रेडमिल बंद पडली की एचआरला लाल अक्षरात मेल जाते. पाळणाघर कुठंय, अशी मेल किती जणांनी केली? आपल्याला नियम वाकवायला अडीच वर्षांचं पोर सापडतं, एचआर सापडत नाही.

(गैरसमज नको. ज्या घरात अंगणवाडीचा गरम खाऊ हा पोटाचा प्रश्न आहे, तिथल्या आईला मी हे सांगत नाहीये. हे सगळं आपल्यासाठी आहे, ज्यांच्यापुढे पर्याय आहेत आणि तरी जे रांगेत धावतात.)

तर आमचं ठरलंय. कन्या एक वर्ष थांबणार. नर्सरीला साडेतीनची होऊन जाईल, पहिलीला साडेसहाची. तोवर ती जवळच्या पाळणाघरात जाईल, आणि आम्ही त्याला पाळणाघरच म्हणू, मोठ्या आवाजात. काही शाळा म्हणतील, आमच्या गटात ती आठवडाभराने 'मोठी' बसते, घेणार नाही. नाही घेतली तर दुसरी शाळा. ज्या शाळेला आठवडाभर मोठं मूल चालत नाही पण अडीच वर्षांचं चालतं, तिथून सुटलो असंच म्हणेन.

तुमचं मूल सप्टेंबर ते डिसेंबरचं असेल तर फॉर्म भरायच्या आधी शाळेत जाऊन चारच गोष्टी विचारा. नर्सरीत लिहून घेता का? किती मुलांमागे किती बाई? मुलाची चड्डी ओली झाली तर कोण बदलतं? आणि दिवसातला किती वेळ मूल माती-पाणी-झोपाळ्यात असतं? उत्तर देणारा माणूस या प्रश्नांनी वैतागला आणि स्मार्ट बोर्ड दाखवायला लागला, तर आभार मानून बाहेर पडा.

वर्ष वाया जाईल याची फार धास्ती असेल, तर हे एक वर्ष माझ्या खात्यावर मांडा. माझ्या पोरीला साठ वर्षांची झाल्यावर कुणी विचारलं, की बाई गं, तुझं एक वर्ष कुठे गेलं, तर तिने सांगावं, मातीत खेळण्यात गेलं. यापेक्षा चांगला हिशेब माझ्या स्वतःच्या कुठल्याच वर्षाचा मला देता येत नाही.